कोटावरची चौथी रिबीन

ब्रिगेडियर साहेबांच्या कोटावर नऊ पदकांच्या नऊ रिबिनी आहेत. नऊच्या नऊ मी शिवलेल्या. छावणीतला मी शिंपी. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, पण कुठल्या पदकाची रिबीन कुठल्याच्या आधी बसते, हे मला झोपेतून उठवून विचारा! साहेबांना मी ओळखतो ते मेजर होते तेव्हापासून. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की एकदा कवायतीत “सावधान” ओरडले आणि बाहेरच्या रस्त्यावरचा दूधवाला सायकलवरून उतरून ताठ उभा राहिला. किटली कलंडली, तरी पठ्ठ्या हलेना. खोटं नाही सांगत.

अशा साहेबांच्या शंभर गोष्टी आहेत माझ्याकडे. आजची मात्र चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मोठी कवायत होती, बाहेरून जनरल यायचे होते. आदल्या दिवशी माझ्या दुकानात अकरा कोट. त्यांत एका कॅप्टनचा. त्याला गोळी लागली होती, जखमेचं पदक नुकतंच मिळालेलं. त्याची रिबीन त्याच्या कोटावर चढवायची, ती मी शेजारच्या खुंटीवरच्या साहेबांच्या कोटावर चढवली. तीन होत्या, चार झाल्या. इतक्या सरळ बसल्या की मी माझ्यावरच खूश! त्यात तो कॅप्टन तापानं पडला, कवायतीला आलाच नाही. आला असता तर तिथंच उलगडा झाला असता.

सकाळी साहेबांनी कोट अंगात घातला. खाली पाहिलंसुद्धा नाही. माझं काम ते कधीच तपासत नसत.

जनरल रांगेसमोरून चालत आले आणि साहेबांपाशी थांबले.

“जखम कुठं झाली, मेजर?”

साहेबांनी छातीकडे पाहिलं. मी कुंपणापाशी उभा होतो, आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.

“चूक माझी, सर,” साहेब म्हणाले. तेवढंच.

न मिळालेलं पदक छातीवर लावणं म्हणजे फौजेत चोरीच. नोंद झाली, बढती तीन वर्षं अडकली. हाताखालची पोरं पुढं निघून गेली. मेसमध्ये जेवताना कुणीतरी हटकून विचारायचं, “काय मेजर, आज जखम कशी आहे?”

कवायतीच्याच दिवशी संध्याकाळी साहेब दुकानात आले होते. कोट टेबलावर ठेवून म्हणाले, “मास्तर, ही काढा.” मी काढली. ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. बोललो असतो तर छावणीतलं दुकान गेलं असतं.

पुढं साहेबांनी बर्फाच्या कड्यावर अडकलेली बत्तीस माणसं जिवंत खाली आणली. त्याचं मोठं पदक मिळालं. ते शिवताना मी रिबीन सात वेळा ताडून पाहिली. ब्रिगेडियर होऊन साहेब निवृत्त झाले आणि मला वाटलं, मिटलं सगळं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी दुकानात आली. निवृत्त अधिकाऱ्यांच्या सभागृहात साहेबांचा फोटो लागायचा होता, खाली पदकांची माहिती. समितीतल्या एकानं ती जुनी नोंद उकरून फोटो अडवला होता.

“काका, बाबा नुसतं ‘राहू दे’ म्हणतात. त्यांनी खरंच लावली होती ती रिबीन?”

“नाही गं. मी लावली होती.”

ती ओरडली नाही. “चला,” म्हणाली, आणि तिनं मला साहेबांसमोर नेऊन उभं केलं. साहेब खिडकीपाशी बसले होते, पायांवर घोंगडी. मी सगळं सांगितलं.

“माहीत आहे, मास्तर. मला सुईत दोरा ओवता येत नाही. दुसरं कोण शिवणार?”

“मग बोलला का नाहीत, साहेब?”

“कोट न बघता मी घातला. चूक माझी म्हणालो, त्यात खोटं काय?”

“आणि आई?” मुलगी म्हणाली. “ती जाईपर्यंत समजत होती, तुम्ही मिरवायला लावलीत. लाजेनं चार बायकांत जाणं सोडलं तिनं.”

“तिनं कधी विचारलं नाही.”

“तुम्ही सांगायचं होतं, बाबा.”

साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी आपला चपलांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी समितीपुढं गेलो. लिहून दिलं, सही केली.

“चाळीस वर्षं कुठं होता?” अध्यक्षांनी विचारलं.

“इथंच. घाबरून बसलो होतो.”

कुणी हसलं नाही. फोटोला परवानगी मिळाली.

फोटो लागायच्या दिवशी मी कोट इस्त्री करून साहेबांच्या घरी नेला. मुलीनं दार उघडलं, पण ‘या काका’ म्हणाली नाही. साहेबांनी कोट हातात घेतला, चष्मा लावला आणि एकेका रिबिनीवर बोट ठेवत नऊच्या नऊ तपासल्या. मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर मी टाचा जुळवून उभा होतो.