क्लॅरीच्या वाटेतलं वॉटल

इल्मा प्राउज माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घराच्या मधे नुसता गहू. तिचा नवरा ॲल्फ वारला, तेव्हा त्याची राख आम्ही मुरमाड माळावरच्या वॉटलमध्ये सोडली. बाभळीच्याच कुळातलं, पण बिनकाट्याचं, कमरेएवढं झुडूप. थंडी सरताना पिवळ्या गोंड्यांनी भरून जायचं. ॲल्फ मेंढ्या हाकताना मुद्दाम तिकडून फिरून यायचा. हे झुडूप आमच्या कॅलबरिन गावात तेवढ्या एकाच माळावर होतं. माळ क्लॅरी डन्स्टलच्या हद्दीत, पण आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता. राख सोडली त्या दिवशी क्लॅरीही टोपी हातात धरून उभा होता.

पुढच्या उन्हाळ्यात इल्मा कंबरेच्या ऑपरेशनसाठी पर्थला गेली. तेवढ्यात क्लॅरीनं माळावर बुलडोझर घातला. धान्याचे ट्रक त्याच्या कोठारापर्यंत सरळ जावेत, वळसा नको, म्हणून. ती काठी टेकत परत आली, तर झुडपांचे ढीग पडलेले.

ती तशीच क्लॅरीकडे गेली. तो ट्रकखाली ग्रीस लावत होता. तो बाहेरसुद्धा आला नाही. खालूनच म्हणाला, "झुडपंच होती, इल्मा. चुलीला हवी तर घेऊन जा."

ती रडली नाही. मला म्हणाली, "याला मी सोडणार नाही." आणि कणीक मळायला लागली.

लहानपणी रस्त्याकडेला वणवा लागला, तेव्हा काळ्या जमिनीतून वॉटलची रोपं वर आलेली तिनं पाहिली होती. वॉटलचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. आच लागली की उठतं. क्लॅरी तर ढीग ओढून ओहोळात टाकणार होता. तसं झालं असतं तर बी झोपलेलंच राहिलं असतं, आणि वरून रस्ता दाबून बसला असता.

म्हणून रविवारी गावच्या हॉलमध्ये, टेनिसनंतरच्या चहाला, सगळे बसलेले असताना तिनं विषय काढला. "क्लॅरी, तुझा बाप असता तर ढीग पसरून जागच्या जागी पेटवून मोकळा झाला असता. पण तू आगीला भितोस. राहू दे, ओढत बस."

लोक हसले. क्लॅरीचे कान लाल झाले. त्याच आठवड्यात त्यानं झुडपं सगळ्या माळावर पसरली आणि काडी लावली. आम्ही दोघी तिच्या व्हरांड्यातून धूर बघत होतो. इल्मा स्वेटर विणत होती. तिच्या सुया एकदाही थांबल्या नाहीत.

पाऊस पडला आणि माळ हिरवा झाला. पूर्वी चार झुडपं होती तिथे आता पाय ठेवायला जागा नाही, इतकी रोपं. रस्त्याचं काम जमीन वाळल्यावर होणार होतं. त्याआधीच इल्मानं वनस्पती खात्याचा माणूस बोलावला. तो दुपारभर पोटावर पडून रोपं बघत होता. उठला तो हर्षानं वेडा होऊन. हे वॉटल आता उरलंच नाही, अशी त्याची समजूत होती. माळाभोवती खुंट्या ठोकल्या गेल्या. एका रोपाला धक्का लागला तरी खटला. ट्रक वळशानंच जात राहिले, आणि पावसात तिथल्या चिखलात रुतायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात क्लॅरी तिच्या दारात आला. माळाच्या कडेनं तरी एक चिंचोळी वाट मिळावी, त्यासाठी तिनं खात्याकडे शब्द टाकावा, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याला पायरीवरच उभं ठेवलं. म्हणाली, "आधी हॉलमध्ये सगळ्यांसमोर ॲल्फची माफी माग. मग बघू."

त्यानं मागितली. गर्विष्ठ माणूस, पण उभा राहिला. टोपी चुरगाळत, खाली बघत म्हणाला की त्याचं चुकलं, ॲल्फची राख तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं. मी दुधाचं भांडं हातात धरून तशीच उभी. इल्मा पावाला लोणी लावत होती.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. शेवटी त्याचा आवाज फाटला. त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं तो टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मग खात्याकडे बोलशील ना?"

"मग बघू म्हटलं होतं मी. बघितलं. नाही बोलणार." तिनं सुरी पुसली आणि दुसरा पाव घेतला.

घरी परतताना मी तिच्या गाडीत होते. न राहवून म्हटलं, "इल्मा, हे जरा जास्तच झालं गं."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुला इथे उतरायचंय का?"

मी उतरले नाही.