पऱ्हाटीच्या ढिगासमोरचा कॅमेरा

निवृत्त होईपर्यंत मी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. काळ्या-पांढऱ्या चित्रांत बारीक रेघ शोधण्यात माझी सारी नोकरी गेली. ती नजर घरी, आपल्याच परसात कामाला येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमचं घर यवतमाळजवळच्या कळंबच्या एका टोकाला आहे. परसाच्या कुंपणापलीकडे लगेच शेतं सुरू होतात. कापूस निघाला की आमचे हे उपटलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणून परसात रचून ठेवतात, आंघोळीचं पाणी तापवायला. यंदाचा ढीग माझ्या डोक्याच्याही वर गेला होता.

त्याच ढिगावरून आळीत गडबड उडाली. शेजारच्या भाभींची एक कोंबडी नाहीशी झाली. दोनच दिवसांनी पलीकडच्या घरातल्या हार्डवेअरवाल्या दादांना दिवेलागणीच्या वेळी आमच्या भिंतीवर काहीतरी दिसलं. अंगावर ठिपके, लांब शेपूट, आणि ते सरळ पऱ्हाटीत घुसलं. सकाळी दादा आमच्या ओट्यावर येऊन बसले, सोबत आळीतले चार-पाच जण.

"काकू, ते बिबट्याचं पिल्लू हाय," दादा म्हणाले. "पिल्लू हाय म्हणजे माय बी जवळच असंन. रविवारी पऱ्हाटी पेटवून देऊ, मोकळं होऊन जाईन."

आमच्या जिल्ह्यात वाघा-बिबट्याच्या नावावर कोणी हसत नाही. मीही हसले नाही. पण आत पिल्लू असेल तर ते जिवंत जळेल, हे मनातून जाईना.

"पेटवता काहून? काय हाय ते पाहू तर द्या अगोदर," मी म्हटलं.

"अन् पाहाले तिथं बसन कोण?"

"कोणी नाही बसत. मी कॅमेरा लावते."

दादांनी माझ्या यजमानांकडे पाहिलं. हे जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले, भांडणात सहसा पडत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "लावते म्हणते तं लावू द्या. पुढचा रविवार काही पळून नाही जात." अशी मला आठ दिवसांची मुदत मिळाली. तोवर कॅमेऱ्याच्या कामाशिवाय कोणी ढिगाजवळ जायचं नाही आणि लेकरांना परसाकडे सोडायचं नाही, असं ठरलं.

पुण्याहून लेक फोनवर म्हणाली, "आई, साधा सीसीटीव्ही लाव ना." पण परसात वीज नाही आणि वायफाय तर मागच्या दारापर्यंतही पोचत नाही. मला हवा होता तो जंगलात झाडाला बांधतात तसला कॅमेरा. तो सेलवर चालतो, समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की आपोआप फोटो काढतो आणि कार्डात साठवतो. दोन संध्याकाळ मी त्याचीच माहिती वाचत बसले.

"काय पाहून राह्यली एवढं?" यांनी विचारलं.

"उजेड पाहून राह्यली. अंधारात हे कॅमेरे कोणता उजेड टाकतात ते."

तिसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला गेलो. दुकानदाराकडे दोनच प्रकार होते. त्याने मोठा, महागडा कॅमेरा पुढे केला. "मॅडम, हाच घ्या. पिक्सेल लय हायत याच्यात."

"पिक्सेल राहू द्या. रात्री याचा दिवा दिसते का?"

तो गोंधळला. मी म्हटलं, "तुमची मागची खोली दाखवा, दार लावता येते अशी."

त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. त्याने खरोखर खोक्यांनी भरलेली मागची खोली उघडली, दोन्ही कॅमेरे फळीवर ठेवले आणि दार लावलं. मी समोरून हात हलवला. महागड्या कॅमेऱ्यात उदबत्तीच्या टोकांसारखे लाल ठिपके पेटले. दुसरा कॅमेरा मिट्ट काळोखात तसाच राहिला. काही झालंच नाही असं वाटलं, पण कार्ड लावून पाहिलं तर माझा हात बांगड्यांसकट आला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांशी माझी जुनी ओळख, मला तिथेच आनंद झाला.

"याचा उजेड दूरवर नाही जात मॅडम," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"माझं परस केवढं आहे? मले दूरचं पाहाचंच नाही."

मग मी त्यालाच तीन पावलांवर उभं केलं. लाल ठिपक्यांच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा पांढराफटक आला, नाक-डोळे ओळखू येईनात. दुसऱ्यात शर्टाच्या रेघासुद्धा मोजता आल्या. ढिगात लपलेल्या भित्र्या जनावरासाठी न दिसणारा दिवा आणि जवळचं स्वच्छ चित्र, एवढंच मला पाहिजे होतं. दुकानदार स्वतःच म्हणाला, "आता मले बी समजलं कोणता कोणाले द्याचा ते." त्या दुपारी बसमध्ये मांडीवर कॅमेऱ्याचं खोकं घेऊन मी राणीसारखी बसले होते.

पहिल्या सकाळी मात्र फजिती झाली. कार्डभर पपईची हलणारी पानं, उन्हाने तापलेला पत्रा आणि लुंगीवर झाडांना पाणी घालणारे आमचे हे. "मी बरा दिसून राह्यलो," एवढा अभिप्राय त्यांनी दिला.

मी कॅमेरा पत्र्याकडून वळवला. पपईची दोन पानं कापली. पट्टा खाली सरकवून कॅमेरा निंबाच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. शिवाय ढिगासमोर एक वीट उभी करून ठेवली. एक्स-रेमध्ये हाड केवढं आहे हे कळायला शेजारी माप लागतं, तसं इथेही लागणार होतं.

दुसऱ्या सकाळी कार्डात विटेशेजारी एक मांजरीएवढं जनावर उभं होतं. अंगावर ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर रेघा, गोल कान. पाठ जेमतेम विटेच्या वरच्या कडेला लागत होती. मी यांना हाक मारली. यांनी चष्मा पुसून पाहिलं. "लहान हाय. पण मंग पिल्लूच नाही का?"

तोच प्रश्न दादा विचारणार हे मलाही ठाऊक होतं. मी पुढचा फोटो उघडला. तीच मांजर, तीच वीट, आणि तोंडात मानेला धरलेलं मुठीएवढं पिल्लू.

"अहो, ही माय आहे," मी म्हटलं. "पुरी वाढलेली. हिच्याहून मोठी ती होतच नाही."

यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि ते चहा ठेवायला गेले. आमच्या घरात तो मोठा सन्मान.

वनखात्यातल्या एक बाई इथल्याच कचेरीत होत्या, त्यांना फोटो पाठवला. त्या दुपारीच आल्या. लॅपटॉपवर पाहून त्यांचा चेहरा फुलला. "वाघाटी आहे. रानमांजरांत सगळ्यात लहान. इतकं स्वच्छ चित्र आम्हालाही सहज मिळत नाही." पिल्लं हिंडू लागेपर्यंत ढिगाला हात लावू नका, असं त्यांनी बजावलं.

रविवारी सकाळी ओट्यावर सगळी आळी जमली. मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. पहिल्यांदा वीट दाखवली, मग विटेशेजारची मांजर, मग पिल्लू. शेवटी त्याच आठवड्यातला एक फोटो: वाघाटीच्या तोंडात लठ्ठ उंदीर, शेपटी खाली लोंबलेली.

दादा बराच वेळ वाकून पाहत होते. "एवढीशी?" त्यांनी विचारलं. मग स्वतः परसात जाऊन, ढिगापासून दूर उभं राहून विटेची उंची डोळ्यांनी मापून आले. "मंग पऱ्हाटी राहू द्या काकू. माह्या गोदामात उंदरं लय झाले. इकडूनच तिकडे जात असंन तं चांगलंच हाय." ओट्यावर हशा पिकला. भाभी म्हणाल्या, "ताई, माझ्या मुर्गीचं?" कोंबडीचं काय झालं ते कॅमेऱ्याला सांगता आलं नाही, आणि मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. बच्चेवाली आहे."

दादांनी आपला कुत्रा संध्याकाळपासून बांधून ठेवायला सुरुवात केली. आम्ही महिनाभर गॅसवर पाणी तापवलं. एका सकाळी कार्डात तिघं एकत्र आली, माय पुढे आणि दोन पिल्लं विटेवर चढण्यासाठी एकमेकांना ढकलताना. त्यानंतर ती शेताकडे निघून गेली. तो फोटो दादांनी मागून नेला. आज तो त्यांच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांवर टांगलेला आहे, आणि गिऱ्हाइकाला ते सांगतात, "आमच्या आळीतली हाय."

आता आर्णी-बाभुळगावाकडून ओळखीच्या लोकांचे फोन येतात: शेतात काय येते ते पाहाचं हाय, कोणता कॅमेरा घेऊ? मी त्यांना आधी जागा विचारते, किती अंतरावरून पाहायचंय ते विचारते, आणि मग सांगते, "यवतमाळच्या त्या दुकानात जाल तं अंधाऱ्या खोलीत नेऊन पाहा. दुकानदार काही म्हणत नाही, त्याले आता सवय झाली."