शेपू सोडणार नाही

फोन आला तेव्हा मी सुप्याला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, ताट घेऊन नुकताच बसलो होतो. मेहुणा म्हणाला, "दाजी, आई गेली." सकाळी गोठ्यातून आल्या, चहा घेतला, भिंतीला टेकल्या आणि... संपलं. तेव्हा जो जेवणावरून उठलो, तो अजून धड बसलेलो नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणायचो. श्रीगोंद्याजवळ त्यांची उसाची शेती. मी नगरच्या मास्तरांच्या घरातला, एकुलता एक. तिशी उलटली तरी माझं जेवण म्हणजे वरण, भात, तूप आणि बटाट्याची भाजी. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तर ताटात हुलग्याचे शेंगोळे, ठेचा, बाजरीची भाकरी आणि शेपू. शेपूचा वास आला नि मी घेतलेला घास परत खाली ठेवला. जावई ताटावर नुसता बसून राहिला म्हटल्यावर घरात धावपळ उडाली. कुणी म्हणे दृष्ट काढा, कुणी म्हणे हॉटेलातून पनीर आणा. मामी तेवढ्या शांत. "न्हाई खात तर न्हाई खात. आपली म्हस हाय की, तिला लई आवडतं," म्हणाल्या आणि ताटातली भाजी काढून घेतली. जावयाच्या मानापमानाचा प्रश्न त्यांनी असा म्हशीवर सोपवला.

पुढं दर खेपेला माझ्या ताटाबाहेर एक लहान वाटी असायची, तळाला जेमतेम भाजी. माझ्या भाताला काही लागलेलं मला चालत नाही, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. खा म्हणायच्या नाहीत, कशी झालीय विचारायच्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायच्यासुद्धा नाहीत, पाठ करून भाकरी थापत राहायच्या. कितीतरी वाट्या म्हशीला गेल्या. मग कधीतरी, कुणी बघत नाही म्हणून, भाकरीच्या तुकड्याला जराशी लावून खाल्ली. वाईट लागली. पुढच्या खेपेला कमी वाईट लागली. आणि एक दिवस मीच बायकोला विचारलं, "मामी शेपू करणारेत ना?" तिनं कपाळाला हात लावला. शेपूमागून त्याच वाटीतनं शेंगोळे आले, कारलं आलं, अंबाडी आली. उतराई म्हणून मीही एकदा पिझ्झा नेला. मामींनी घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, ह्याला म्हस बी तोंड लावायची न्हाई." तरी पुढच्या वेळी "आणा की त्यो, परत बघू" असा निरोप होताच.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला. मग गेलेल्या माणसाच्या नावानं एकेकानं काहीतरी खायचं सोडायचं, अशी त्यांच्याकडे रीत. बायकोनं सीताफळ सोडलं. मेहुण्यानं शेपू सोडली, आईच्या आवडीची. मग माझ्याकडे वळला, "दाजी, तुमी बी शेपूच सोडा. आईनंच लावली हुती तुमाला." मी म्हटलं, "मी शेपू सोडणार नाही." मागून एक चुलते पुटपुटले, "सासूनं एवढा जीव लावला, अन् एक भाजी सोडवंना?" मेहुण्यानं तोंड फिरवलं. सगळंच सोडून बसलेल्या माणसाला त्या बाईनं एकेक घास धरायला लावला. तिच्याच नावानं तो परत सोडू कसा?

पण घरी बायकोनं शेपू केली आणि तोच जुना वास आला. घास तोंडात फिरायला लागला. मग कारलं नको, अंबाडी नको, पुन्हा वरण-भात. फ्रिज उघडतो, बंद करतो. ताटावर बसतो, उठतो, गॅलरीत जाऊन परत येतो. मामींबरोबर माझी जीभही गेली की काय, अशी भीती वाटते. कधी कधी तर त्यांचाच राग येतो. एवढी सवय लावायची आणि असं न सांगता निघून जायचं...?

परवा महिन्याच्या जेवणाला श्रीगोंद्याला गेलो. मेहुणा नदीवरच्या त्या दिवसापासून बोलत नव्हता. मामींच्या स्वयंपाकघरातच पानं मांडली होती. नैवेद्याला शेपू होती, ती मी मागून घेतली. घास गवतासारखा लागला, पुढचाही तसाच. डोळ्यांत पाणी आलं, पण चव काही आली नाही. तरी खात राहिलो, भाजी संपवली. मेहुणा वाढत येत होता. माझ्यापुढं थांबला, रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. मग पातेलं घेऊन खालीच बसला.

"दाजी, माझ्या वाटची बी आता तुमीच खात जा."

मी ताट पुढं केलं.