सदानंदकाकांची ओकची पेटी

रोज सकाळी न्याहारीआधी सदानंदकाका जेवणाच्या टेबलावर बोटाचं पेर वाजवत आणि म्हणत, "भुसा." मग त्याच टेबलावर पोटभर पोहे खात. टेबल कुंदाकाकूंनी सेलमध्ये घेतलेलं, दाबलेल्या भुशाचं, वर लाकडाच्या रंगाचा कागद. आखातातल्या आमच्या अल मनखूल भागातल्या इमारतीत एकाही घरातलं फर्निचर त्या पेरातून सुटलं नव्हतं.

काका ऑफिसात विमा विकत आणि बाल्कनीत सुतार होत. मध्ययुगीन युरोपातल्या लाकूडकामाचा त्यांचा अभ्यास म्हणजे दोन जाड पुस्तकं आणि जर्मनीतलं एक संग्रहालय, जिथे एका जुन्या पेटीला मोजायची टेप लावताना रखवालदाराने त्यांना हटकलं होतं. हा प्रसंग ते पदवीसारखा सांगत. ओकच्या फळ्या शारजाच्या राजनकडून आणत. त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं, आणि तो सांधे न करता स्क्रू मारी म्हणून काका त्याला तोंडावर "स्क्रूवाला" म्हणत.

दोन वर्षं खपून त्यांनी एक पेटी केली. जुन्या कारागिरांचा नियम ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत: फळी चौकटीच्या खाचेत सैल ठेवायची, गोंद लावायचा नाही. हवेप्रमाणे लाकूड फुगतं, आक्रसतं. त्याला हलायला जागा हवी.

पण सैल फळी वाजते. त्यांच्या मुलीने, केयाने, पेटी हलवून म्हटलं, "बाबा, इट्स लूज."

ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळींपुढे त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. तिथे फळी वाजली तर लोक हसतील. काकांनी बाल्कनीचं दार लावून खाचांत गोंद भरला. कुंदाकाकूंनी काचेतून पाहिलं आणि कणीक मळायला गेल्या.

दमट बाल्कनीतली पेटी व्याख्यानाआधी आठवडाभर हॉलच्या कोरड्या एसीत राहिली. व्याख्यानात काकांनी गोंद वापरणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली, मग पेटीवरचं कापड ओढलं. पुढच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

काकांनी मुद्दाम बोलावलेला राजन वाकला. खाचेत नख फिरवलं.

"साब, इसमें गोंद है."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. काका म्हणाले, "एसी इतका कुणी वाढवला?"

त्यानंतर ते पेर वाजेनासं झालं. दोन महिन्यांनी ऑफिसात काकांचं हृदय थांबलं. त्या सकाळी कुंदाकाकूंनी ओला पेला टेबलावर ठेवला होता.

"अगं, खाली काहीतरी ठेव," ते म्हणाले. "टेबल फुगेल."