बशीतलं खळं

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. काम काचेची भांडी धुण्याचं. बावीस वर्षं तिने चंबू, नळ्या आणि झाकणाच्या चपट्या बश्या घासल्या, पण त्यांत काय शिजतं याची चौकशी कधी केली नाही. आपण बरं, आपलं काम बरं.

मग नव्या मॅडम आल्या. त्यांना पेरूच्या पाल्यापासून मुरमांवर लावायचं मलम करायचं होतं. मावशी मनातल्या मनात हसली. तरुणपणी मुरमांनी तिच्या गालांवर असा धुमाकूळ घातला होता, की भाऊ तिला 'चाळणी' म्हणून हाक मारायचे. लेप झाले, वाफारे झाले. खड्डे राहिले ते राहिलेच. आता पाल्याने काय होणार, कपाळ!

एके सकाळी मॅडमनी तिला खिडकीपाशी बोलावलं. "मावशी, ही बशी उजेडात बघा. झाकण मात्र उघडू नका."

आतल्या जेलीवर दुधाळ साय पसरली होती. मधोमध पाल्याच्या अर्कात बुडवलेली कागदाची टिकली, आणि तिच्याभोवती लख्ख, स्वच्छ गोल.

"ती साय म्हणजे मुरमं चिघळवणारे जंतू. कोट्यवधी असतील. त्या गोलात मात्र एकही वाढला नाही."

मावशीने बशी डोळ्यांजवळ धरली. चंद्राला पडतं तसं खळं होतं ते. जिने तिची उमेदीची वर्षं नासवली ती फौज या एवढ्याशा बशीत बसली होती, आणि एका पानाने तिला वेशीवरच अडवलं होतं!

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. "अहो, बशीत खळं पडलं होतं!"

"खळं पडलं म्हणजे पाऊस येणार, छत्री काढून ठेवतो," तो म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं.

पुढच्या महिन्यात खळं गायब झालं. पाला तोच, वजन तेच, तरी कधी गोल पडे, कधी साय काठापर्यंत सलग. मॅडम वही पुन्हा पुन्हा चाळत. चूक काही सापडेना.

मावशीला मात्र एक गोष्ट खटकत होती. सांगावी की नको? आपण पडलो भांडी घासणारे. शेवटी तिने धीर केला.

"मॅडम, लहान तोंडी मोठा घास होईल, पण ज्या अर्काने गोल पडतो ना, त्याचा चंबू घासता घासता माझा जीव जातो. बुडाशी तपकिरी डाग धरतो. गोल पडत नाही तेव्हाचा चंबू नुसत्या पाण्याने निघतो."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "आणखी काय वेगळं असतं?"

"डाग धरतो तो पाला वरच्या खोलीत सावलीत वाळवलेला. घाई असली की तुमची माणसं तो भट्टीत वाळवतात."

वहीत सगळं होतं, फक्त पाला कसा वाळवला तेवढं नव्हतं. वाळलेला पाला म्हणजे वाळलेला पाला, असंच सगळे धरून चालले होते. मॅडमनी दोन्ही तऱ्हेचा पाला शेजारी शेजारी तपासला. आठवड्याने बश्या उबेच्या कपाटातून बाहेर आल्या: सावलीतल्या पाल्याभोवती खळं, भट्टीतल्याभोवती काही नाही. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. तेव्हापासून पाला वाळवण्याचं काम मावशीकडे आलं.

मलम तयार व्हायला आणखी दोन वर्षं गेली. कधी ते फाटे, कधी झोंबे. शेवटी चाळीस जणांनी ते बारा आठवडे लावलं. सव्वीस जणांची मुरमं चांगलीच कमी झाली, बाकीच्यांना फारसा गुण आला नाही, तिघांना तर खाज सुटली.

"जादू नाही ही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "पण पुढे जाण्याजोगं आहे."

त्यांनी एका मुलीचे दोन फोटो समोर ठेवले. पहिल्यात नजर खाली आणि गाल लालबुंद. दुसऱ्यात चार-दोन पुटकुळ्या उरल्या होत्या, आणि मुलगी थेट समोर बघत होती. मावशी कितीतरी वेळ फोटोंवरून नजर हलवेना.

"एवढी ताकद त्या पानात आधीपासूनच होती?"

"होती की. झाड स्वतःच्या रक्षणासाठी करतं ते. आपण फक्त मागून घेतलं."

मावशी वरच्या खोलीत गेली. सकाळी पसरलेला पाला उलटवायचा होता. तिने एकेक पान उचललं आणि तान्ह्या बाळाला कूस बदलून द्यावी तसं, अगदी जपून, पालथं घातलं.