आत्याचा राग आणि गळ्यातली ग्रंथी

आमच्या कॉलनीत सिल्व्हियाआत्याचं नाव निघालं की लोक आधी दाराकडे बघायचे, ती ऐकत तर नाही ना म्हणून. दूधवाला तिच्या कठड्यावर पिशवी ठेवून पळ काढायचा. नगरच्या एका मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर शिवणकाम शिकवलं. शिवण तिरकी दिसली की ती मुलीच्या डोळ्यांदेखत उसवून टाकायची, आणि हीच पद्धत तिनं माणसांनाही लावली होती. गिदोन, म्हणजे माझे पप्पा, तिचे धाकटे भाऊ. दोघं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत. मी दया. नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर खराब माल बाजूला काढायचा आणि घरी येऊन या दोघांचे निरोप पोचवायचे, असं माझं चाललं होतं.

भांडण कशाचं होतं ते आधी सांगते, कारण पुढे सगळे नेमकं तेच विसरले.

आमच्या कबरस्तानात जागा कमी. प्रत्येक घराची आपापली रांग ठरलेली. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या रांगेत जाते. बिनलग्नाची कुठे जाणार, हा प्रश्न आमच्या चर्चच्या पंचांना आजवर पडलेला नाही. आत्यानं लग्न केलं नाही. माझी आजी, केशरबाई, अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणं-मुतणं सगळं आत्यानं काढलं. जाण्याआधी आजीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या शेजारची जागा सिल्व्हियाची." पप्पा उशाशी बसले होते. त्यांनी मानही हलवली होती.

काही वर्षांनी माझ्या आईचे वडील, सहादेव आजोबा, आमच्याकडे राहायला आलेले असताना वारले. आत्या त्या दिवशी शिवणाच्या परीक्षेसाठी पाथर्डीला गेली होती. पप्पा पंच. त्यांनी आजीशेजारची जागा खणायला लावली आणि सासऱ्यांना तिथं माती दिली. आत्या संध्याकाळच्या एसटीतून उतरून थेट कबरस्तानात गेली, तर ओल्या मातीवर शेवंतीचे हार पडलेले.

सहादेव आजोबा चांगले होते. मला सायकल त्यांनीच शिकवली. पण जागा ढापलेली होती, आणि चांगल्या माणसाला दिली म्हणून ढापलेली जागा आपली होत नाही.

तेव्हापासून आत्या प्रत्येक सभेत उभी राहायची. वार्षिक सभा असो नाहीतर चर्चमध्ये हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या भोपळ्या-कोंबड्यांचा लिलाव असो, ती मध्येच उठून म्हणायची, "आईशेजारची जागा माझी होती. गिदोननं मला विचारलं नाही." पप्पा म्हणायचे, "मग काय मेलेल्या मानसाला उकरून काढू?" ती म्हणायची, "उकरू नकोस. विचारलं नाही, एवढं कबूल कर." एवढंच तिचं मागणं होतं. पप्पांच्या तोंडून ते कधी निघालं नाही. पंचाची चूक होत नसते ना.

मग आत्या आजारी पडली. आधी मुतखडा झाला, तो पडला, तर दुसरा झाला. हाडं ठणकायला लागली. पाण्याची कळशी उचलताना मनगटच मोडलं. सारखी तहान, रात्रभर उठबस, गॅसवर भाजी ठेवून विसरणं. मेडिकलवाल्यानं हाडांसाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि ती त्या इमानेइतबारे खात राहिली. शेवटी प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रक्तात कॅल्शियम आधीच नको तितकं होतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मधुवंतींकडे पाठवलं.

डॉक्टर मधुवंती वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी नीट समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड म्हणतात त्यांना. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं एवढंच त्यांचं काम. आत्याची एक ग्रंथी वाढली होती आणि नको इतकं काम करत होती. ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात टाकत होती, तेच मूत्रपिंडात जाऊन खडे होत होते. ऑपरेशन करून ती काढायची, एवढाच पक्का इलाज होता.

"आमचा एक अभ्यासही चालू आहे," त्या म्हणाल्या. "या आजारात काही जणांचा स्वभाव बदलतो. चिडचिड वाढते, उदास वाटतं, विसरायला होतं. ऑपरेशननंतर त्यात किती फरक पडतो ते आम्ही बघतोय. सिल्व्हियाबाई तयार आहेत, तर घरच्यांनाही थोडं विचारायचंय."

आत्याला तेव्हा गळ्याच्या स्कॅनला नेलं होतं. पप्पा खुर्चीत पुढे सरकले. इतके खुश ते माझ्या नोकरीच्या दिवशीही झाले नव्हते.

"चिडचिड आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय का म्हनजे? लई हाय."

"साधारण कधीपासून?"

"माझ्या सासऱ्याच्या मातीपासून. त्याच दिवशी संध्याकाळपासून बगा. त्याच्याआधी नुसती गाय हुती."

डॉक्टर लिहून घेत होत्या. मला राहवेना. "पप्पा, त्या दिवशी काय झालं तेही सांगा की."

"रोगाला काय कारन लागतं का?" पप्पा म्हणाले. "झाला त्या दिवशी. झाला."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारणार होत्या, तेवढ्यात नर्सनं पुढच्या पेशंटला आत सोडलं. आत्याचा आजार माझ्या आजोबांच्या मातीपासून सुरू झाला, असं दवाखान्यात नोंदलं गेलं. मला पप्पांचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, आणि मी ते घरी येऊन आईला सांगितलंही. आई, म्हणजे पुष्पावती, भाकऱ्या थापत राहिली.

आठवड्याभरात सगळ्या कॉलनीला कळलं. आत्यावर लोक चिडायचे ते एकवेळ परवडलं असतं. आता त्यांना तिची दया यायला लागली. ज्या बायका तिला बघून गल्ली बदलायच्या त्या डब्यात खीर घेऊन यायला लागल्या. "बिचारी, आतून पोखरलेली होती, आपल्याला काय ठाऊक?" चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले आणि प्रार्थनेत म्हणाले, हे प्रभू, या भगिनीच्या मुखातून आजार बोलत होता. दूधवाल्यानंसुद्धा दारात थांबून तब्येत विचारली. पप्पांनी तर कमाल केली. चर्चबाहेर चारचौघांत म्हणाले, "मी अक्काला माफ केलं. तिची काय चूक? ग्रंथी हुती ती."

त्या संध्याकाळी आत्यानं मला बोलावून घेतलं. शिवणयंत्रापाशी बसली होती, प्लास्टरातला हात मांडीवर.

"दया, दवाखान्यात सांग, मी ऑपरेशन करणार नाही."

"वेडी झालीस का? हाडं मोडतायत तुझी."

"मोडू देत." तिनं चांगल्या हातानं यंत्राचं चाक जरा फिरवलं. मग म्हणाली, "ग्रंथी काढली आणि मी खरंच शांत झाले तर? मग तो खरा ठरला. मग इतकी वर्षं मी बोलले ते सगळं दुखणं. जागेचं काही नाही, आईचं काही नाही. मला भीती वाटते गं. माझ्याजवळ तेवढंच आहे."

मी आयुष्यात तिला भीती वाटते म्हणताना ऐकलं नव्हतं. मी तिच्यावर खेकसले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

आत्यानं आडपडदा ठेवला नाही. कबरस्तान, पाथर्डी, शेवंतीचे हार, सगळं सांगितलं. "आता बोला," ती म्हणाली. "माझा राग तुमच्या त्या ग्रंथीतून येतो का?"

डॉक्टर मधुवंतींनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काही त्यातून येत असेल, काही नसेल. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? पण एक सांगते. तुमच्या भावानं जे सांगितलं त्यात हे नव्हतं. ते मी विचारायला हवं होतं. आज लिहून ठेवते."

"आणि मी शांत झाले तर?"

"तर तसं लिहीन. नाही झालात तर तसंही लिहीन. पण विचारीन तुम्हालाच."

आत्यानं त्यांच्याकडे शिवण तपासावी तसं निरखून पाहिलं. "माहीत नाही म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली, आणि कबूल झाली.

ऑपरेशन झालं. काढलेली ग्रंथी मला दाखवली. जी मसुराएवढी असायला हवी ती चांगली चिंचोक्याएवढी झाली होती. आत्याचा आवाज बसला. होईल बरा हळूहळू, म्हणाले. काही दिवस ओठांना मुंग्या यायच्या, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी हिशेबानं. आणि मग ती सुधारायला लागली, इतकी की मलाच धास्ती बसली. ठणका गेला. रात्री झोप लागायला लागली. मशीनवर बसल्या बसल्या ती घोगऱ्या आवाजात गीत गुणगुणायची. दूधवाल्याला तिनं चहा दिला! सभा झाली, तर ती मागच्या बाकावर बसून राहिली, उठलीच नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पप्पा पंचांच्या खुर्चीत असे फुगून बसले होते की मला बघवेना. चिडचिड गेली होती, यात शंका नाही. राग राहिला का, हे मला तिला विचारायचं धाडस झालं नाही.

पप्पांनी आमच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. घर भरलं. पाळकसाहेब आले, पंच आले, खिरीवाल्या बायका आल्या. आत्यानं स्वतः डॉक्टर मधुवंतींना बोलावलं होतं. त्याही बिचाऱ्या संकोचून कोपऱ्यात बसल्या. आमच्यात रिवाज असा, की जो दुखण्यातून उठला त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. देवानं काय केलं ते सांगायचं. आत्या उभी राहिली. पप्पांनी डोळे मिटून हात जोडले.

"सलाम," आत्या आमच्यातल्या रिवाजानं नमस्कार करत म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता, त्यामुळे सगळे कान देऊन ऐकायला लागले. आधी ती ओरडायची तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. "देवाचे उपकार. डॉक्टरांचे उपकार. दयाचेही. माझं दुखणं गेलं. झोप लागते. दूधवाल्यावर मी उगीच ओरडायचे, ते आता सुटलं."

"आमेन," पप्पा म्हणाले.

"गिदोन, आईशेजारची जागा माझी होती. तू मला विचारलं नाहीस."

अगदी तेच शब्द. फक्त ओरडणं नव्हतं. पप्पांनी डोळे उघडले.

"अक्का, आजून तेच? ऑपरेशन झालं ना तुझं?" ते डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, जरा बगा वो. काही राहिलं का आत?"

डॉक्टर मधुवंतींनी हातातली बशी खाली ठेवली आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली, सांगा म्हणून. "परवाच रक्त तपासलंय," त्या म्हणाल्या. "कॅल्शियम अगदी बरोबर आहे. ग्रंथीचं काही राहिलेलं नाही."

"मग हे काय हाय?"

"ते त्या तुम्हालाच सांगतायत."

पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक उघडून पुन्हा मिटलं. आणि स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. माझी आई, जी त्या घरात कधी मोठ्यानं बोलत नाही.

"अक्का, जागा तुमचीच हुती. माझ्या बापाला तिथं निजवलं तवा मी बाजूलाच उभी हुते. तुमाला कुनी विचारलं न्हाई. मीबी न्हाई."

पप्पांनी आईकडे असं पाहिलं, जशी ती चुकून आमच्या घरात शिरलेली कुणी परकी बाई असावी. मग म्हणाले, "पान्याची मोटर चालू राहिली वाटतं," आणि पायात चपला अडकवून बाहेर पडले. मोटर बंदच होती. ती मीच बंद केली होती. मी त्यांच्यामागे जाणार तेवढ्यात आत्यानं माझा हात धरला, त्याच मोडलेल्या मनगटाच्या हातानं, चांगला घट्ट.

"जाऊ दे त्याला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पुढच्या सभेत पुन्हा विचारीन. आता हाडं धड झालीत माझी."