आंब्याला लावलेले कान

अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मी बालवाडीत शिकवते. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, अंगणात त्या छपराकडे थोडा कललेला जुना आंबा. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. अमरावतीला शिकताना आमच्या मॅडम म्हणायच्या, लहान मुलांना झाडाची माहिती देऊ नका, आधी त्यांची झाडाशी ओळख करून द्या. वर्गात काही चांगलं जमलं की आजही मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

म्हणून रोज प्रार्थना झाली की मुलं आंब्याजवळ यायची. सालीवरून हात फिरवायची, पानं वेचायची आणि डोळे मिटून खोडाला कान लावायची. "झाड बोलतं, पण हळू बोलतं," मी सांगायची. कुणाला आंबा गुड मॉर्निंग म्हणायचा, कुणाला डबा संपव म्हणायचा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलांना नवा खेळ सापडला. खोडाच्या बुडाशी पिवळसर भुसा पडलेला असायचा. मुली तो करवंटीत कालवून भाकरी थापायच्या.

"मॅडम, झाडानं आमाले पीठ देलं!"

मी ती भाकरी खाल्ल्यासारखं केलं, कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी ताजं पीठ होतं. मग ते रोजच दिसू लागलं.

एका सकाळी मोठ्या गटातली एक मुलगी खोडावरचा कान काढेचना.

"काय म्हणतो आंबा?" मी विचारलं.

"बोलून नाई राहिला. खाऊन राहिला."

"काय खातो?"

"मले नाई माईत. कुरुम कुरुम करते."

"झाडाले तोंड असते काय व?" बाकीची मुलं हसली. मीही हसले.

मुलं घरी गेल्यावर मी स्वतः कान लावला. आत कुणीतरी वाळका टोस्ट चावत होतं. थांबायचं, पुन्हा चावायचं. मी वर पाहिलं. सगळ्यात मोठी फांदी मुलं जिथे डबा खायला बसत, बरोबर तिथवर गेली होती.

अकोल्याला शेतीचं शिकणाऱ्या मैत्रिणीला भुशाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "भिरूड आहे. अळी आतून पोखरत जाते, वरून पानं हिरवीच दिसतात. मुलांना त्याच्याखाली बसवू नकोस."

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या सरांना मी सांगितलं. राखीपौर्णिमेला मुलं आंब्याला राख्या बांधणार होती. पाहुणे बोलावले होते, फोटो काढायचा होता.

"अवो मॅडम, तो आंबा माया बापानं लावला. तुमी अमरावतीहून शिकून आल्या अन् त्याले आजारी पाडून राहिल्या?"

"सर, एकदा कान तरी लावून पाहा."

"या वयात मी झाडाले कान लावू? गाव हासन ना!"

फांदी तोडणं माझ्या हातात नव्हतं. मैदान आखायची फक्की घेऊन मी फांदीच्या टोकाबाहेरून एक पांढरी रेघ मारली. मुलांना सांगितलं, आंबा आजारी आहे, आजारी माणसाजवळ गलका करायचा नाही, रेघेच्या अलीकडूनच टाटा करायचा. पाऊस ती रेघ धुवून टाकायचा, मी पुन्हा मारायची.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे खोडाशी उभे राहून म्हणाले, "या रे पोरहो!" राख्या हातात धरून मुलं रेघेवर उभी राहिली. एकही हललं नाही. सरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

"जा ना रे, काहून थांबले?"

"त्याले गलका चालत नाई," तीच मुलगी म्हणाली.

पाहुणे हसले आणि मुलांच्या हातातल्या राख्या घेऊन त्यांनी एकट्यानेच बांधल्या. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. माझी नजर फांदीवरून हलली नाही. काहीच पडलं नाही.

"पाह्यलं?" जाता जाता सर म्हणाले. "तुमच्या फांदीनं पाहुण्याचा मान राखला."

त्यानंतरच्या सोमवारी शाळा उघडायला गेले, तर फांदी अंगणात आडवी पडलेली. रात्री ना वारा होता, ना पाऊस. शेंड्याची पानं डब्याच्या जागेवर पसरली होती. तुटलेल्या तोंडात अंगठा जाईल एवढी भोकं होती. निरोप मिळताच सर आले. तोवर मुलंही दप्तरं आत ठेवून जमली होती.

"मेला काय आंबा?" एकाने विचारलं.

"नाही रे, खोड उभं आहे ना," मी म्हणाले. एवढे दिवस मी फक्त फांदीच पाहत होते.

मी ओढून घ्यायच्या आत ती मुलगी पळत गेली आणि तिने खोडाला कान लावला.

"मॅडम, अजून खाऊनच राहिला."

सरांनी तिला हाताला धरून मागे घेतलं. मग ते स्वतः वाकले आणि विटलेल्या राख्यांच्या मध्ये त्यांनी कान टेकवला. कुणी हसलं नाही. मग त्यांनी खोडाकडे पाहिलं आणि खोड ज्या बाजूला कललं होतं, तिकडच्या टिनाच्या छपराकडे पाहिलं.

"पोरायले पंचायतीच्या ओट्यावर न्या, मॅडम," ते हळूच म्हणाले. "आता आत कोणी जाऊ नका. दप्तरं राहू द्या."